टिकला नाही म्हणे

पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या तालमीत गेलेला पोरगा वर्ष-दीड वर्षात गावाकडं परत आला की त्याच्याबद्दल दोनच शब्द बोलले जातात : टिकला नाही. तो ट्रॅव्हल्समधून उतरायच्या आधी हे शब्द चौकातल्या हॉटेलात पोचलेले असतात. सेनगावला जा, कळमनुरीला जा, औंढ्याला जा, वसमतला जा, शब्द तेच. तिथं त्याला काय मिळालं, काय मिळालं नाही, हे कोणी विचारत नाही. या दोन शब्दांत निकालही असतो आणि शिक्षाही.

माझं म्हणणं असं आहे की हा निकाल चुकीच्या माणसावर लागतोय. पोरगा टिकला की नाही हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. त्याला पाठवणाऱ्यांनी त्याच्या टिकण्याची काय सोय केली होती, आणि नाहीच टिकला तर परत येण्याची काय सोय केली होती, हा उरलेला अर्धा प्रश्न. तो विचारायला गेलं की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात.

आधी पाठवणी कशी होते ते बघा. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, मग शंभर, पाचशे, हजार. चौदा-पंधरा वर्षांचं एखादं पोरगं ओळीनं तीन कुस्त्या मारतं. हलगी वाजते, कोणीतरी त्याला खांद्यावर घेतं आणि कोणीतरी बापाला म्हणतं, "याला पुण्याला टाका." टाका. मोंढ्यात माल टाकतात तसं. दहा दिवसांत फेटा, सत्कार, बॅनर. बॅनरवर पोराचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे. शाळेचा दाखला काढायचा का, नववीची परीक्षा कुठून द्यायची, आजारी पडला तर कोणाला फोन करायचा, यातलं बॅनरवर काही नसतं.

साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांब गेलेल्या या पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं की आपण शिकलो ती कुस्ती वेगळी होती.

ज्यांनी कधी फड बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीवरची जत्रेतली कुस्ती निकालापर्यंत चालते. दोघं एकमेकांना जोखत राहतात, पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. पाठ टेकली की संपलं. गादीवर म्हणजे मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. बाहेर पाय पडला की समोरच्याला गुण. नुसतं जोखत राहिलात तर पंच ताकीद देतो आणि मग घड्याळ लावतो. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की पाठ न टेकताच तुम्ही हरलात. पायात बूट. माती अंगाला चिकटते, पकड देते, घाम शोषते. गादीवर घामेजलेला हात सटकतो. जो पोरगा मातीत दमानं खेळून समोरच्याला थकवून मारत होता, त्याचा दम इथं कामालाच येत नाही. सहा मिनिटांत सगळं आटोपलेलं असतं. आपण कमी पडलो असं त्याला वाटतं. तो कमी पडलेला नसतो, त्याचा खेळ बदललेला असतो.

यात नवीन काही नाही. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले तेव्हा त्यांचंही असंच झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, मातीवर तयार झालेला, गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही अनोळखी. फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माजी पैलवानानं त्यांना शिकवलं. चार वर्षांनी हेलसिंकीत, वरच्या वजनगटात, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो ती जिद्दीची म्हणून. ती वेळेची गोष्ट आहे. खाशाबांसारख्या माणसाला चार वर्षं आणि एक शिकवणारा लागला. आपण सेनगावच्या पोराला एक दिवाळी ते दुसरी दिवाळी देतो.

गादी सोडा, बोलण्याचं घ्या. "काय करायलास" म्हटलं की खोलीतली बाकीची पोरं हसतात. हसणारे वाईट नसतात, त्यांना मजा वाटते. पण दिवसातून दहा वेळा मजा झाली की पोरगा गप्प बसायला शिकतो. गप्प बसणारा पोरगा वस्तादाला गुडघा दुखतोय हे सांगत नाही. लिगामेंट असं जातं. एका दिवसात क्वचित जातं. आठ दिवस न सांगितलेलं दुखणं नवव्या दिवशी फाटतं. भाषेचा आणि दुखापतीचा संबंध तुम्हाला ओढूनताणून वाटत असेल तर एकदा तालमीतून परत आलेल्या कोणाला तरी विचारून बघा.

मग खुराक. इथं जिद्दीचं काही चालत नाही, इथं हिशोब चालतो. दिवसाला दोन लिटर दूध, 60 रुपये भावानं महिन्याचे 3,600. रोज शंभर ग्रॅम बदाम, किलोला 800 धरले तर 2,400. जेवणाची मेस 3,000. अंडी, फळं, तूप, आठवड्याचं मटण मिळून अजून 3,000. बारा हजार झाले. यात बूट नाही, डॉक्टर नाही, स्पर्धेला जायचं भाडं नाही. आता हेच सोयाबीनमध्ये मोजा, कारण आपल्याकडं घर सोयाबीनवर चालतं. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. महिन्याला सव्वादोन क्विंटल, वर्षाला 27 क्विंटल. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर साडेचार एकरांचं सगळं सोयाबीन, बियाणं-खत-फवारणी-मजुरी काहीही वजा न करता. आणि हमीभाव खरोखर हातात पडतो का, ते तुमच्या घरी विचारा. पाऊस ऑक्टोबरमध्ये आला आणि सोयाबीन काळं पडलं की पुण्यातल्या पोराचं दूध दोन लिटरवरून अर्ध्यावर येतं. त्याचं वजन उतरतं. तो स्पर्धेत हरतो. मग आपण म्हणतो टिकला नाही.

कोल्हापूरच्या हौद्यातल्या मातीत ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद घालतात. वसमतच्या बाजारातली हळद देशभर जाते, तेव्हा तिथंही पडत असणार. हळदीला निदान भाव सांगून पाठवतात.

पण मला ज्याच्यावर खरं भांडायचं आहे ते पुढं आहे. परतीवर.

सोळा-सतराव्या वर्षी गेलेला पोरगा एकोणिसाव्या वर्षी परत आला. शाळा दहावीला सुटलेली. घरच्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पोलीस भरतीचं, कारण आपल्याकडं सरकारी नोकरीचा तोच एक रस्ता डोळ्यांना दिसतो. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच आहे, पोरं पहाटे पाचला रस्त्यावर पळताना दिसतात. पण शिपाई पदाला बारावी पास लागतं. हा अर्जच करू शकत नाही. समजा बारावी केली. मग मैदानी चाचणी. जिल्हा पोलिसात 50 गुणांपैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला, आणि पुरुषांना पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आसपास पळावं लागतं. राखीव दलात तर 100 पैकी 50 गुण पाच किलोमीटरला. आता हा पोरगा तीन वर्षं वजन वाढवत होता. दूध, बदाम, बैठका, सगळं कशासाठी? नव्वदीच्या पुढं जायला. ज्या अंगासाठी साडेचार एकर गेले, तेच अंग त्याला पाच किलोमीटर पळू देत नाही. गोळाफेकीत थोडं भरून निघतं, बाकी नाही.

"खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे की." आहे. पण त्याला ठरावीक पातळीवरच्या, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं पदक लागतं, आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. जत्रेतली शंभर मैदानं मारली तरी तो कागद तयार होत नाही. ज्यांनी आयुष्यात घाम गाळला नाही अशांनी बोगस प्रमाणपत्रं काढल्याची प्रकरणं याच राज्यात निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. खरा घाम गाळलेल्याकडं मात्र दाखवायला गदेबरोबरचे फोटो.

आता जरा लांब जाऊ या. बर्फावरची हॉकी आपल्याकडं कोणी बघत नाही, पण अठरा-एकोणीस वर्षांची रशियन पोरं अमेरिका-कॅनडाच्या खालच्या लीगमध्ये जातात तेव्हा त्यांच्यापुढं जे येतं ते आपल्या पोरासारखंच असतं. खेळ तोच, जागा वेगळी. ज्या आंतरराष्ट्रीय मापाच्या मैदानावर रशियातली हॉकी वाढली ते 30 मीटर रुंद, उत्तर अमेरिकेतलं सुमारे 26 मीटर. चार मीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मोकळ्या जागेत वळून पास देण्याची सवय लागलेल्या पोराला अरुंद मैदानात वळायच्या आत धक्का बसतो. माती आणि गादी. वर भाषा येत नाही, जेवण वेगळं, बसचे लांब लांब प्रवास. आज जगातल्या सर्वात मोठ्या खेळाडूंत धरला जाणारा निकिता कुचेरोव्हही आधी क्युबेकच्या ज्युनियर लीगमध्ये आणि मग सिराक्यूजच्या खालच्या संघात खेळून वर आला. 2019 साली त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

तिकडं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तो धंदा आहे, आणि पोरांचा चोथा तिकडंही होतो. पण दोन गोष्टी बघा. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये बाहेरून आलेलं पोरगं एका कुटुंबात राहतं. संघ ते घर ठरवून देतो आणि ते कुटुंब त्याच्या जेवणाखाण्याचं, शाळेचं बघतं. तिथल्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये तर खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची कॉलेजची फी मिळायची तरतूद आहे. म्हणजे जो हॉकीत मोठा होणार नाही, त्याचाही विचार आधीच केलेला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. युरोप-रशियातले बरेच खेळाडू करारात एक कलम घालून घेतात : मुख्य संघात जागा मिळाली नाही तर खालच्या लीगमध्ये कुजत न बसता मला माझ्या देशातल्या संघाकडं परत जाता येईल. टोमणे त्यालाही बसतात. पण परतीचा रस्ता निघण्याआधी कागदावर लिहिलेला असतो, आणि त्या रस्त्याच्या टोकाला पगार देणारा संघ असतो.

आपल्या पोराच्या हातात कोणता कागद असतो? ट्रॅव्हल्सचं एकेरी तिकीट.

परतीचा रस्ता असला म्हणजे माणूस लवकर हार मानतो, असं म्हणणारे भेटतात. त्यांना अविनाश साबळे दाखवावा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, धावण्याचं नंतर सुरू झालं. राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव होते. मोठा माणूस, साताऱ्याची ललिता बाबर त्यांच्याच हाताखाली तयार होऊन 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पण साबळेला त्यांची पद्धत मानवली नाही. तो शिबिर सोडून सैन्यातल्या अमरीश कुमार यांच्याकडं परत गेला. आपल्या चौकातल्या भाषेत, टिकला नाही. सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढं 2022 ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 ला हांगझोऊमध्ये आशियाई सुवर्ण.

साबळे शिबिराला नाही म्हणू शकला कारण त्याच्याकडं नोकरी होती, पगार होता आणि परत गेल्यावर जवळ घेणारा एक प्रशिक्षक होता. नाही म्हटल्यानं त्याचं करिअर संपलं नाही, मार्गी लागलं. सेनगावच्या पोराला नाही म्हणण्याची किंमत काय, ते वर सांगितलंच आहे.

वस्तादांवर माझा राग नाही, हे स्पष्ट बोलतो. उलट या सगळ्यात जे काही धड आहे ते बहुतेक त्यांनीच केलेलं आहे. हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडचे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी बीडच्या पाटोद्याहून आलेल्या राहुल आवारेला वाढवलं. 2011 साली बिराजदार मामा गेले, तेव्हा राहुलला पुढं काका पवार यांच्याकडं आधार मिळाला, तेही लातूरचेच. 2018 ला गोल्ड कोस्टमध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. 2020 च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीतले दोघेही, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, काका पवारांच्याच तालमीतले. म्हणजे मराठवाड्याच्या पोरांना पुण्यात जो टेकू मिळाला तो आधी गेलेल्या मराठवाड्याच्या माणसांचा. कॅनडात संघ जे घर ठरवून देतो, ते इथं एकेका वस्तादानं स्वतःच्या जिवावर उभं केलं. पण एका माणसाच्या जिवावर किती पोरं? ज्याला असा वस्ताद भेटला नाही त्याचं काय? व्यवस्थेचं काम एखाद्याच्या मोठ्या मनावर सोडून द्यायचं आणि मग त्याला परंपरा म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

राग आहे तो दोघांवर. एक, संघटनांवर आणि त्यांच्या व्यासपीठावर बसणाऱ्यांवर. बाला रफिक शेख 2018 चा महाराष्ट्र केसरी. गाव करमाळ्याचं खडकी, सोलापूर जिल्हा, आणि जिल्हा लावला बुलढाणा. शिवराज राक्षे जानेवारी 2023 चा महाराष्ट्र केसरी. राजगुरुनगरचा, खेळला नांदेडकडून. या दोघांची कष्टाची कमाई खरी आहे, त्यांना बोल लावायचं कारण नाही. पण मागास जिल्ह्याचं नाव असं राज्याच्या फडावर दिमाखात झळकतं तेव्हा त्या जिल्ह्यातल्या गावागावांतून निघालेली पोरं कुठं असतात, हा प्रश्न त्या जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांना विचारायलाच हवा. आज नांदेड-बुलढाण्याला, उद्या हिंगोलीला. आपल्या जिल्ह्यातून गेल्या पाच वर्षांत किती पोरं बाहेरच्या तालमीत गेली, किती परत आली, त्यांचं काय झालं, याची साधी वही ठेवायला पैसा लागत नाही.

दुसरा राग त्या रीलवर. तुम्हाला रोज येते ती. लाल माती, स्लो मोशन, मागं ढोल, आणि जाड आवाजात कोणीतरी सांगतो की भूक, अपमान आणि दुखणं यातूनच पैलवान घडतो. सांगणाऱ्याच्या हातात प्रोटीनच्या डब्याची जाहिरात असते. भुकेतून पैलवान घडत नाही. दुधातून घडतो. ज्यांना दूध मिळालं नाही तरी घडले असे दोन-चार असतील, त्यांची रील बनते. बाकीच्यांची बनत नाही, ते आडत दुकानात पोती उचलतायत, त्या कामाला मात्र तालमीतलं अंग उपयोगी पडतं.

"मग काय, पोरं पाठवायचीच नाहीत?" पाठवा. गावात गादी नाही, शिकवणारा नाही, तर जावंच लागेल. पण सत्काराच्या दिवशी फेटा बांधणाऱ्यांनी एका वर्षाच्या दुधाचे पैसे बांधावेत. 43,200 होतात, एका बॅनरवर वीस शुभेच्छुक असतात, माणशी 2,160. ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी फोटो काढून घ्यावा. तालमीत टाकताना बापानं वस्तादाला तीन गोष्टी विचाराव्यात : दुखापत झाली तर डॉक्टर कोण, घरी फोन कोण करणार, आणि पोरगा शिकणार कुठं. विचारलं म्हणून कोणी वस्ताद रागावत नाही. रागावला तर दुसरी तालीम बघा.

आणि शाळेचं तर आजच होण्यासारखं आहे. शाळेत नाव नसलं तरी दहावी-बारावीची परीक्षा देता येते, त्याला 17 नंबरचा फॉर्म म्हणतात. तालमीत असलेल्या आपल्या गावच्या कितीतरी पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना हे माहीतच नसतं. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, भाऊ, चुलतभाऊ, वर्गातला, तर त्याला आज फोन करून विचारा, फॉर्म भरलास का. मुदत असते, चुकली की वर्ष जातं. बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरायचा असतो. दाखला आणि आधार लागतं. रील बघता त्याच मोबाइलवर भरता येतो.